वजनकाटा आणि मोजपट्टी
‘डॉक्टर, वजन तेच आहे, मग परकराची नाडी का अपुरी पडते?’ हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. उतारवयात स्नायू झिजतात, पोटावर चरबी साचते. काट्यावरचा आकडा मात्र हलत नाही. चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे पायांवर सूज असल्यास फसतात. पेसमेकर असलेल्यांनी तर ते वापरूच नयेत.

त्यापेक्षा मोजपट्टी बरी. उभे राहून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पट्टी न आवळता माप घ्यावे. हातपाय कृश असोत वा देह स्थूल, भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास रक्तातील साखर व रक्तदाब अवश्य तपासून घ्यावा. उपाशी मात्र राहू नये. त्याने स्नायूही झिजतात.