विश्लेषण : एका गोलची शिक्षा आयुष्यभर… ब्राझीलचे गोलरक्षक बार्बोसा खरेच चुकले होते का?

रिओ दी जानेरोचे माराकाना स्टेडियम, १६ जुलै १९५०. विश्वचषकाच्या निर्णायक लढतीत ब्राझील आणि उरुग्वे १-१ असे बरोबरीत होते. ७९व्या मिनिटाला उरुग्वेचे अल्सिदेस घिगिया यांनी मारलेला चेंडू गोलरक्षक मोआसिर बार्बोसा आणि गोलचा खांब यांच्यामधल्या फटीतून जाळ्यात गेला. ब्राझील हरला. या पराभवाला तिथे आजही ‘माराकानाझो’ म्हणतात. बार्बोसा यांच्या कारकीर्दीची ओळख मात्र त्या एका गोलपुरतीच उरली.

ब्राझीलला बरोबरीही पुरेशी कशी होती?

त्या स्पर्धेत अंतिम सामना नव्हताच. शेवटच्या टप्प्यात चार संघांची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे चिरडले होते. उरुग्वेने स्पेनशी २-२ बरोबरी साधली होती आणि स्वीडनला कसेबसे ३-२ हरवले होते. विजयाला दोन गुण मिळत असल्यामुळे ब्राझीलकडे चार, तर उरुग्वेकडे तीन गुण होते. त्यामुळे शेवटची लढत बरोबरीत सुटली असती तरी चषक ब्राझीलचाच होता. सामन्याआधीच एका वृत्तपत्राने ब्राझीलला जगज्जेता ठरवून संघाचे छायाचित्र छापले होते. अधिकृत आकडेवारीनुसार १ लाख ७३ हजार ८५० तिकिटे विकली गेली. प्रत्यक्षात गर्दी दोन लाखांच्या आसपास असावी, असे मानले जाते. (याच स्पर्धेत भारतालाही स्वीडन, इटली आणि पॅराग्वेच्या गटात स्थान मिळाले होते. आपला संघ गेलाच नाही.)

त्याआधी बार्बोसा यांची कामगिरी कशी होती?

उत्तम. १९२१ मध्ये कॅम्पिनास येथे जन्मलेले बार्बोसा १९४५ पासून रिओच्या वास्को द गामा क्लबकडून खेळत होते. १९४८ मध्ये चिलीत झालेली दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा वास्कोने जिंकली. पुढच्याच वर्षी ब्राझीलने दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद मिळवले, तेव्हाही गोलसमोर तेच होते. ते हातमोजे न घालता खेळत.

७९व्या मिनिटाला नेमके काय घडले?

ते समजण्यासाठी १३ मिनिटे मागे जावे लागते. ब्राझीलने ४७व्या मिनिटाला फ्रियासा यांच्या गोलने आघाडी घेतली होती. ६६व्या मिनिटाला घिगिया उजव्या बगलेतून बिगोडे यांना मागे टाकून पुढे गेले आणि त्यांनी चेंडू मध्यभागी दिला. तिथे पोहोचलेल्या शियाफिनो यांनी गोल केला.

७९व्या मिनिटाला हाच प्रसंग जवळपास जसाच्या तसा पुन्हा घडला. तीच बगल, तेच घिगिया आणि पुन्हा मागे पडलेले बिगोडे. मध्यभागी उरुग्वेचे आघाडीपटू पासच्या अपेक्षेने धावत होते. बाजूने येणाऱ्या खेळाडूला गोल फार अरुंद दिसतो. ७.३२ मीटर रुंदीच्या गोलपैकी जवळच्या खांबाची बाजू गोलरक्षकाने अडवली, की थेट फटक्यासाठी जागाच उरत नाही. पण खांबाला चिकटून राहिले तर मध्यभागी जाणारा पास अडवता येत नाही. बार्बोसा यांनी पासचा अंदाज बांधला आणि ते पाऊलभर आत सरकले. घिगिया यांनी नेमकी तीच फट साधली. बार्बोसा डावीकडे झेपावले. चेंडू आपण बाहेर ढकलला असेच त्यांना क्षणभर वाटले होते. स्टेडियममध्ये पसरलेली शांतता जाणवली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले, असे त्यांनी नंतर सांगितले.

जवळच्या खांबाची जबाबदारी गोलरक्षकाची, हा पाठ्यपुस्तकातला नियम आहे. तो लावला तर ही चूकच. पण १३ मिनिटांपूर्वी त्याच जागेवरून दिलेल्या पासवर गोल खाल्लेल्या गोलरक्षकाने पुन्हा पासच येईल असे समजणे हा वेडेपणा नव्हता. त्यांचा निर्णय तर्काला धरून होता, फक्त निकाल उलटा लागला. निकाल पाहून निर्णयाला चूक ठरवणे सोपे असते. एकाच बगलेतून दोनदा भगदाड पडत असताना तिथे बिगोडे यांच्या मदतीला कुणी का नव्हते, हा प्रश्न खरे तर प्रशिक्षक फ्लावियो कोस्टा यांना विचारायला हवा होता.

मग खापर कुणावर फुटले?

बार्बोसा, बिगोडे आणि बचावपटू जुवेनाल या तिघांवर. तिघेही कृष्णवर्णीय होते आणि हा योगायोग नव्हता, असे अनेक अभ्यासक मानतात. १९५८ मध्ये पेले, दिदी आणि जाल्मा सांतोस यांच्यासह ब्राझील जगज्जेता झाला, तेव्हा हा पूर्वग्रह मिटल्यासारखे वाटले. त्या संघाचे गोलरक्षक जिल्मार मात्र गोरे होते. कृष्णवर्णीय गोलरक्षकावर विसंबता येत नाही, हा समज त्यानंतरही टिकला. विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा कृष्णवर्णीय गोलरक्षक म्हणून दिदा उतरले, ते थेट २००६ मध्ये.

बार्बोसा यांचे पुढे काय झाले?

ब्राझीलकडून ते त्यानंतर एकच सामना खेळले, १९५३ मध्ये. क्लब फुटबॉलमधून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाल्यावर त्यांनी माराकाना संकुलातच नोकरी केली. म्हणजे रोजचे येणे-जाणे त्याच ठिकाणी. तिथले जुने लाकडी खांब त्यांना भेट मिळाले आणि त्यांनी ते जाळून टाकले, अशी कथा सांगितली जाते. अख्ख्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच, असे एका बाईने दुकानात आपल्या मुलाला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितले होते. हा प्रसंग ते स्वतः मुलाखतींमध्ये सांगत. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या शिबिराला भेट द्यायला गेले असता अपशकुन नको म्हणून त्यांना खेळाडूंना भेटू दिले गेले नाही. ब्राझीलमध्ये गुन्ह्याला जास्तीत जास्त ३० वर्षांची शिक्षा असते, मी त्याहून अधिक भोगली आहे, अशा आशयाचे ते अखेरच्या काळात बोलत. ७ एप्रिल २००० रोजी वयाच्या ७९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

घिगिया यांना डिसेंबर २००९ मध्ये माराकानाने सन्मानाने बोलावले. दिग्गज खेळाडूंच्या पाऊलठशांमध्ये त्यांच्याही पावलांचा ठसा तिथे घेतला गेला.