केमच्या ओसरीवरचा प्रश्न



या सदरात आपण नेहमी बी-बियाणं, खतं, औषधं यांविषयी बोलतो. आज मात्र मला तुमच्याशी जरा वेगळं बोलायचं आहे. विषय आहे श्रद्धेचा. आपण कशावर विश्वास ठेवतो, आणि का ठेवतो?

झालं असं, की गेल्या भाद्रपदात मी करमाळा तालुक्यातल्या केमला गेलो होतो. केम म्हणजे कुंकवाचं गाव. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं हे ठिकाण, ग्रामदैवत उत्तरेश्वर महादेव. इथलं कुंकू गावोगावच्या देव्हाऱ्यांत पोचतं. मी गेलो होतो रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेबद्दल सांगायला. वीसेक माणसं ओसरीवर जमली, मी गंधकाची पुडी काढली आणि तेवढ्यात उत्तरा नक्षत्राचा पाऊस असा कोसळला, की पत्र्याच्या आवाजात माझं बोलणं मलाच ऐकू येईना. मग काय, चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या.

पाऊस देवाच्या हातात, असं कुणीतरी म्हणालं. कोपऱ्यातला एक पोरगा हसला. "तुला न्हाई का पटत?" म्हणून एका आबांनी त्याला विचारलं, आणि बघता बघता ज्यानं त्यानं आपापलं सांगायला सुरुवात केली.

आबा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडायला जायचो. सुकडी खाऊन दिवस काढले. देवाचा लई राग आला हुता. पण माझी आई रोज सांजच्याला दिवा लावायचीच. घरात भाजीला तेल न्हाई, अन् दिव्याला हाय! एकदा मी भांडलो. तवा म्हणली, 'देवाला दिवा नको आसंल रं, मला पायजे. दिवा लावला की दिस संपला आसं वाटतं. न्हाईतर रातभर डोळ्यांपुढं खडीच दिसती.' तवापासनं मी बी लावतो. पाऊस पडावा म्हणून न्हाई."

तो पोरगा उडीद करणारा. त्याच्या वडिलांनी पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ उभा राहिला तिथं बोअर घेतली. एक नाही, तीन, तिन्ही कोरड्या. ते कर्ज तो अजून फेडतो आहे. म्हणाला, "त्या दिवसापासनं माझा कशावर विश्वास न्हाई. पण आईसंगं वारीला जातो. तिचे गुडघे दुखत्यात, पिशवी कोण धरणार?"

एक मुसलमान शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "आपण पेरणीची पहिली मूठ बिस्मिल्ला म्हणून सोडतो. वालिदांनी शिकवलं. त्यानं पीक जास्त येतं का, ठाऊक नाही. पण जीव थाऱ्यावर येतो, हात थरथरत नाही."

मंडळी, मी अनेक सभा घेतल्या, पण इतकं निर्मळ बोलणं क्वचित ऐकलं. कुणी कुणाला खोडलं नाही, कुणी कुणाला आपल्या बाजूला ओढलं नाही. प्रत्येकानं आपलं कारण सांगितलं आणि ते कारण त्याच्या स्वतःच्या जगण्यातलं होतं. खरं तर आपल्या सोलापूर जिल्ह्याला हे नवीन नाही. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. हातातलं काम सोडून देवाला शोधायची गरज नाही, ही त्यांची श्रद्धा. आजही पंढरपूरची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. मंगळवेढ्याच्या चोखोबांना देवळाच्या आत जाता आलं नाही, तरी त्यांनी विठ्ठल सोडला नाही, आणि बाहेर का ठेवता हे विचारायलाही ते कचरले नाहीत.

पाऊस ओसरत आला. तेवढ्यात दाराशी बसलेल्या एक मावशी बोलल्या. तोवर त्या गप्पच होत्या. कुंकवाच्या कारखान्यात डब्या भरायचं काम करतात. बोटं मनगटापर्यंत लाल, कपाळ मात्र मोकळं.

"माझं बी सांगू का? मी तुळजाभवानीचं करते. मंगळवार धरते. पोरगं आजारी हुतं तवा तिला साकडं घातलं, पोरगं उठलं. डाक्टरनं उठवलं का देवीनं, मला काय ठावं. पण दवाखान्याच्या पायरीवर रातभर तीच माझ्यासंगं हुती. म्हणून करते. पण सायेब, मालक गेले तवा बायांनी माझं कुंकू पुसलं. मी भरलेल्या डबीतलं कुंकू देवीच्या कपाळाला चालतं, मग माझ्या कपाळाला का चालत न्हाई? ज्यांनी पुसलं त्यांना इचारलं, तर म्हणल्या, 'पद्धत हाय.' ह्या समद्यांनी आपलं कारण सांगितलं. त्याचं कारण कुणीच सांगत न्हाई. तुमी शिकलेलं हायसा. तुमी सांगा."

आणि वाचकहो, मी काय केलं असेल? हळद पिवळी असून कुंकू लाल कसं होतं, ते सांगत बसलो! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हळकुंडाला लिंबाचा रस, तुरटी, टाकणखार यांची पुटं देऊन जुनी माणसं कुंकू कसं करायची, हल्ली पीठ आणि रंग वापरूनही कसं बनवतात... सगळं बरोबर सांगितलं, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दिलं नाही. मावशी म्हणाल्या, "ते मला ठावं हाय सायेब. रोज त्यातच आसते."

परतताना गाडीत माझी आई आठवली.

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले. अंगणात मी थोरला मुलगा म्हणून उभा होतो, शेतकीचा पदवीधर. आत बायका आईभोवती जमल्या होत्या. बांगड्या फुटल्याचा आवाज मी ऐकला. आत जाऊन "हे नको" म्हणावं असं एकदा वाटलं. पण म्हटलं, आता या वेळी कशाला वाद? चार माणसं काय म्हणतील? माझ्या लग्नात आई मांडवाच्या मागच्या दाराशी उभी होती. मला ओवाळायला चुलती पुढे आली. त्यानंतर आई बावीस वर्षं जगली. ज्वारीची कोणती जात तिला आवडते ते मी तिला विचारलं, पण "आई, तुझा यावर विश्वास आहे का?" हे एकदाही विचारलं नाही. तिला ते मान्य होतं की सोसलं, हे आता मला कधीच कळणार नाही.

बंधूंनो, हे मी दोष उगाळायला सांगत नाही. आपल्याच करमाळा तालुक्यातल्या प्रमोद झिंजाडे यांनी मी जे केलं नाही ते केलं. महात्मा फुले समाजसेवा मंडळ हे त्यांचं काम. कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी हाच प्रकार पाहिला. मग त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, की माझ्या पश्चात माझ्या पत्नीवर असली कोणतीही सक्ती करू नये. पुढे ही हाक कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडपर्यंत पोचली. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर, ४ मे २०२२ रोजी, हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. १७ मे २०२२ ला राज्य शासनानंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे काम करमाळ्याच्या माणसानं सुरू केलं, आणि मी मात्र त्याच तालुक्यात हळदीचं रसायन सांगत बसलो!

कुणी म्हणेल, साहेब, तुम्ही धर्मात हात घालता. नाही हो. उत्तरेश्वराला बेल वाहणारे आबा, बिस्मिल्ला म्हणणारे शेतकरी, काहीच न मानणारा तो पोरगा, या तिघांचाही हक्क सारखाच आहे. आपल्या राज्यघटनेचं पंचविसावं कलम प्रत्येकाला आपल्या सद्सद्विवेकानं वागायचं स्वातंत्र्य देतं. ते स्वातंत्र्य मावशींनाही आहे, एवढंच माझं म्हणणं. एखादी बाई म्हणेल, मला आता कुंकू लावावंसं वाटत नाही. तोही तिचाच निर्णय. तिला बळंच लावू नये, आणि बळंच पुसूही नये.

घरी येऊन मी मंडळींना हे सगळं सांगितलं. म्हटलं, "मीही तसा कागद करतो. माझ्यामागं तुझं कुंकू कुणी पुसायचं नाही." त्या पोळी लाटत होत्या. म्हणाल्या, "अहो, पण मी कुंकू का लावते ते तुम्ही कधी विचारलंत? लहानपणी वेणी घातली की आई लावायची. लग्नाच्या आधीपासून लावते मी. ते तुमच्यामुळं आलेलं नाही, मग तुमच्याबरोबर जाईल कसं?" तीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा केमला गेलो. मावशींना म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या दिवशी दिलं नाही. त्या पद्धतीला माझ्याजवळ कारण नाही. माझ्या आईच्या वेळीही नव्हतं, आणि तरी मी गप्प बसलो." त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोलला, बरं झालं." त्यांचं कपाळ त्या दिवशीही मोकळंच होतं. लावायचं की नाही ते त्या ठरवतील. मी विचारलं नाही.

आणि माझी स्वतःची श्रद्धा? मी रोज पूजा करत नाही. पण पेरणीच्या दिवशी पाभरीला हात जोडतो. बी आपण टाकतो, खत-पाणी आपण देतो, आणि तरीही कोंब वर येताना पाहिला की मान खाली जाते, म्हणून. त्यात कुणाचं नुकसान नाही. असतं, तर मला ते सोडावं लागलं असतं.

तुम्हीही आज जेवणं झाल्यावर घरात हा विषय काढा. म्हाताऱ्यांना विचारा, सुनेला विचारा, न मानणाऱ्या पोरालाही विचारा: तू काय मानतोस, आणि का? उत्तर आलं की खोडायची घाई करू नका. फक्त "पद्धत आहे" एवढंच उत्तर आलं आणि त्या पद्धतीचा भार दुसऱ्याच कुणाच्या कपाळी बसत असेल, तर तिथं जरा थांबा.

जाता जाता, पावसानं राहिलेलं काम. ज्वारीच्या एक किलो बियाण्याला तीनशे मेशचं गंधक ४ ग्रॅम चोळा. का? तर दाण्यावरची काणी येऊ नये म्हणून. बघा, साध्या गंधकाचंही कारण तुम्ही मला विचारता, आणि ते पटलं तरच चोळता!