शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे

तालुक्याच्या गावात इम्प्लांटची तारीख बहुधा व्हिजिटिंग सर्जनच्या सवडीने ठरते. सर्जन रविवारी शहरातून येतात, एकामागून एक पेशंट घेतात आणि संध्याकाळी परततात. या पद्धतीला आमचा विरोध नाही. तिच्यामुळेच लहान गावांतल्या लोकांना कवळीखेरीज दुसरा पर्याय मिळाला. पण तिच्यात एक उणीव राहून गेली आहे. सर्जनच्या हातात पेशंट असतो तासभर. त्याआधीचे काही आठवडे आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे तो आपल्याकडे, म्हणजे गावातल्या दंतवैद्याकडे असतो. इम्प्लांट टिकेल की जाईल हे मुख्यतः याच काळात ठरते, आणि नेमका हाच काळ आपल्या व्यवसायात बेवारस पडला आहे.

सुरुवात पेशंटला विचारायच्या प्रश्नांपासून करू. आपल्या फॉर्मवर ‘तंबाखू खाता का?’ असा प्रश्न असतो आणि पन्नाशीची बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ती तंबाखू खात नाही. ती सकाळी मशेरी लावते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यांतले बहुसंख्य धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. म्हणून प्रश्न मशेरी, गुटखा, मावा, सुपारी अशी नावे घेऊन विचारला पाहिजे, आणि शक्यतो घरचे माणूस खुर्चीशेजारी नसताना. इम्प्लांट आणि तंबाखू यांवरचे बहुतेक संशोधन सिगारेट ओढणाऱ्यांवर झाले आहे हे खरे. पण मशेरी ज्या हिरडीवर रोज घासली जाते तिथेच आपण चीर देणार असतो, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधीपासून नंतरच्या आठ आठवड्यांपर्यंत बंदी, हा जुना नियम आहे. आमच्या मते मशेरीलाही तोच लावावा. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्याचे तोंड किती उघडते तेही आधीच मोजून ठेवावे. सबम्यूकस फायब्रोसिसमुळे मागच्या दाढेपर्यंत हँडपीस आणि ड्रिल पोहोचतच नाही, हे सर्जन येऊन बसल्यावर कळणे कुणाच्याच हिताचे नसते.

दुसरा प्रश्न औषधांचा. ‘रोज काही गोळी चालू आहे का?’ या प्रश्नाला वर्षातून एकदा घेतलेले हाडांचे इंजेक्शन उत्तर म्हणून येत नाही, कारण ती गोळी नाही आणि रोजचीही नाही. झोलेड्रॉनिक आम्ल ऑस्टिओपोरोसिससाठी वर्षाला ५ मिलिग्रॅम दिले जाते. त्या पेशंटमध्ये जबड्याचे हाड कुजण्याचा धोका कमी असतो, पण असतो, आणि संमतिपत्रात त्याचा उल्लेख हवा. कर्करोगासाठी हेच औषध ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत दर महिन्याला चालू असेल, तर इम्प्लांटचा विचार सोडून द्यावा. रक्त पातळ करण्याच्या गोळीबाबत नेमकी उलटी चूक होते. शेजाऱ्याच्या सल्ल्याने पेशंट ती चार दिवस आधीच बंद करून येतो. स्टेंट घातलेल्या माणसाने असे करणे जिवावर बेतू शकते. गोळी बंद करायची का, हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचे, हे तारीख देतानाच सांगितले पाहिजे. मधुमेह्याची सकाळची साखर एकटी पाहून निर्णय घेऊ नये, तीन महिन्यांचे चित्र दाखवणारी एचबीए१सी मागवावी. श्रावण, नवरात्र किंवा रमजानमध्ये तारीख येत असेल तर उपास आणि औषधांच्या वेळा यांची सांगड आधीच घालावी.

आणि हिरड्या. ज्या तोंडात उरलेल्या दातांभोवती पू आहे, प्रोब लावताच रक्त येते, तिथे नवे इम्प्लांट बसवणे म्हणजे त्याच जंतूंना आणखी एक जागा देणे. पेरिओडोंटायटिस झालेल्या माणसाला इम्प्लांटभोवतीही तसाच आजार होण्याचा धोका जास्त असतो, हे आता वादातीत आहे. आधी स्केलिंग, ब्रश कसा धरायचा याचे शिक्षण, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि रक्तस्राव उतरला असेल तरच तारीख. पेशंट घाई करतो, सर्जनची तारीखही मोकळी असते. तरी थांबा.

प्रतिजैविकांबद्दल थोडक्यात. कॉक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यानुसार शस्त्रक्रियेआधी तासभर दिलेली अमॉक्सिसिलिनची २ किंवा ३ ग्रॅमची एकच मात्रा इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण घटवते. निरोगी पेशंटच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर सवयीने लिहिला जाणारा पाच-सात दिवसांचा कोर्स मात्र आता चिठ्ठीवरून जायला हवा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी पेशंटला फोन करा. कापूस किती वेळ धरला हे विचारण्याआधी खालचा ओठ आणि हनुवटी जागी झाली का, हे विचारा. खालच्या जबड्यात इम्प्लांट मज्जातंतूवर दाब देत असेल, तर ते काढण्यासाठी सुमारे ३६ तासांचा अवधी असतो. त्यानंतर संवेदना परत येण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. पेशंट मात्र भुलीचे इंजेक्शन अजून उतरले नसेल असे समजून दोन दिवस गप्प बसतो, आणि सर्जन तोवर दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेले असतात. हा फोन गावातल्या डॉक्टरनेच करायचा.

बाकीच्या सूचना आपण सगळे देतो: थंड आणि मऊ खाणे, जोराने थुंकू नये, दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या. एक गोष्ट मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगावी लागते, ती म्हणजे गरम शेक नको. सूज दिसली की गाल शेकायला घेतला जातो, आणि पहिल्या दिवशी शेकल्याने सूज आणि रक्तस्राव वाढतो. त्याहून कमी बोलला जाणारा काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा. सुरुवातीची यांत्रिक पकड या वेळी सैल होत असते आणि नव्या हाडाची पकड अजून पुरती आलेली नसते. दुखणे मात्र केव्हाच थांबलेले असते, म्हणून पेशंट त्या बाजूने कडक भाकरी, चिक्की चावू लागतो. टाके काढताना या आठवड्यांची तारीख त्याच्या कार्डावर लिहून द्या.

कॅप बसवण्याच्या दिवसाकडे आपण शेवट म्हणून पाहतो. सिमेंटने बसवलेल्या कॅपच्या कडेखाली उरलेले सिमेंट हिरडीत राहते आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी सूज आणते. थॉमस विल्सन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आजारी इम्प्लांटपैकी ८१ टक्क्यांभोवती असे सिमेंट सापडले, आणि ते काढल्यावर बहुतेकांची सूज ओसरली. म्हणून शक्य तिथे स्क्रूने बसणारी कॅप, आणि सिमेंट वापरलेच तर कडा हिरडीच्या फार खाली नको. लॅबला सांगताना ब्रिजखाली इंटरडेंटल ब्रश शिरेल एवढी जागाही मागा. दिसायला सुबक पण खालून बंद असलेला ब्रिज पेशंटने कितीही मनापासून घासला तरी स्वच्छ होत नाही.

त्याच दिवशी एक एक्स-रे आणि हलक्या हाताने केलेले प्रोबिंग नोंदवून ठेवा. पुढच्या सगळ्या वर्षांची तुलना याच नोंदीशी करायची असते. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेचे वर्गीकरणही तेच सांगते. जुनी नोंद नसेल, तर रक्तस्रावासोबत ६ मिमी किंवा अधिक खोली आणि ३ मिमी किंवा अधिक हाडाची झीज दिसेपर्यंत पेरिइम्प्लांटायटिस म्हणता येत नाही. तोवर बरेच हाड गेलेले असते.

इम्प्लांटभोवती पेरिओडोंटल लिगामेंट नसते आणि ही झीज बहुधा दुखत नाही. दुखले की येणारा पेशंट इथे उशिराच येणार. डर्क्स आणि तोमासी यांच्या २०१५ च्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या पेशंटपैकी सरासरी ४३ टक्क्यांना म्यूकोसायटिस आणि २२ टक्क्यांना पेरिइम्प्लांटायटिस आढळला. म्यूकोसायटिस परतवता येतो. ब्राझीलमध्ये म्यूकोसायटिस असलेल्या पेशंटचा पाच वर्षे पाठपुरावा झाला. नियमित देखभाल मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना पेरिइम्प्लांटायटिस झाला, न मिळालेल्यांपैकी ४३.९ टक्क्यांना. खुर्चीवरच्या वीस मिनिटांच्या कामाने एवढा फरक पडत असेल, तर त्या कामाचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला संकोच कशाचा? दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एक एक्स-रे, ही वाक्ये शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या कागदावर छापलेली असावीत.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली योस्टा लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट बसवली. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ती काम देत होती. चार दशके पुरेल असे हे तंत्र आहे. तेवढी वर्षे आपल्या पेशंटची माहिती कुठे असेल? आज ती बहुधा सर्जनच्या फोनमध्ये असते. कंपनी बंद पडते, डॉक्टर गाव सोडतात, पेशंट मुलाकडे पुण्याला किंवा सहा महिने अमेरिकेला जातो. तिथे स्क्रू सैल झाला, तर कोणता स्क्रूड्रायव्हर लावायचा हे कुणालाच ठाऊक नसते. पाकिटावरचे स्टिकर पेशंटच्या कार्डाला चिकटवा. कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट क्रमांक आणि कॅप बसवल्याची तारीख त्यावर लिहा. व्हिजिटिंग सर्जनने हे कार्ड भरल्याशिवाय क्लिनिक सोडू नये, असा आग्रह यजमान डॉक्टरने धरावा.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या क्लिनिकमध्ये आजवर बसवलेल्या इम्प्लांटची यादी या महिन्यात काढा. गेल्या वर्षभरात ज्यांचा एक्स-रे झालेला नाही त्यांना स्वतः फोन करा आणि तपासणीला बोलवा.