कपाट आहे, पुस्तके आहेत. ग्रंथपाल कुठे आहे?

शाळेच्या तपासणीत ग्रंथालयाचा रकाना भरणे अवघड नसते. खोली आहे, लोखंडी कपाटे आहेत, दाखल नोंदवहीत पुस्तकांचे क्रमांक आहेत, झाली नोंद. कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि ते आठवड्यातून किती वेळा उघडते, हे मात्र त्या रकान्यात मावत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील हायस्कूलच्या ग्रंथालयांचा विचार याच दोन प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा.

नियम काय सांगतो?

2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके हवीत. ती मुलांच्या हाती देणाऱ्या ग्रंथपालाचा उल्लेख मात्र तेथे नाही. अनुदानित माध्यमिक शाळांत हे पद पटावर ठरत आले आहे. पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल. त्याखाली मिळालाच तर अर्धवेळ.

तोटा कोणाचा?

मंचर, नारायणगाव, ओतूर अशा मोठ्या गावांतील शाळा या मोजपट्टीत बसू शकतात. डिंभे धरणापलीकडच्या किंवा जुन्नरच्या पश्चिम आदिवासी पट्ट्यातील शाळांचे काय? वाड्या-वस्त्या विखुरलेल्या असल्याने तेथे हजाराचा पट गाठणेच कठीण. म्हणजे ज्या मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक असण्याची शक्यता कमी, त्यांच्याच शाळेला ग्रंथपाल नाही. ही मोजपट्टी आकड्यांत सरळ असली, तरी न्यायात वाकडी आहे.

शाळा सुटल्यावर वाचायला थांबा, असे या भागात सांगता येत नाही. कोणाला एसटी गाठायची असते, कोणाला उसाच्या कडेने घरी जायचे असते. बिबट्याच्या भीतीने पालक मुलांना अंधाराआधी घरी बोलावतात. म्हणून देवघेवीची आणि वाचनाची तासिका वेळापत्रकातच हवी, आणि ती ऑफ तास म्हणून इतर विषयांना वाटली जाऊ नये.

खोली कशी हवी?

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरासाठी असते, हा पहिल्या सूत्राचा गाभा. ग्रंथालयाची जागा, वेळ, फर्निचर आणि कर्मचारी यांचा विचार त्यांनी त्याच सूत्राखाली केला. शाळेपुरता त्याचा अर्थ सोपा आहे. एक तुकडी एका वेळी बसेल एवढी जागा, खिडकीचा उजेड आणि पाचवीच्या मुलाचा हात पोहोचेल असे उघडे रॅक. पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तेथे रॅक भिंतीपासून थोडे दूर ठेवले नाहीत, तर बुरशी आणि कसर पुस्तके खातात. बंद कपाटात ते लवकर लक्षातही येत नाही.

पुस्तके हरवली तर?

कुलपामागचे खरे कारण हेच. हिशेब ज्याच्या नावावर, तो पुस्तक बाहेर द्यायला कचरतो. केंद्र सरकारच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मात्र वर्षभरात वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवणे वाजवी मानले आहे. निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसावा, एवढीच अट. शाळांनाही अशी स्पष्ट मुभा लेखी मिळायला हवी.

मग करायचे काय?

प्रत्येक लहान शाळेत पूर्णवेळ पद परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण जवळच्या तीन-चार शाळांचा पट एकत्र धरून एक ग्रंथपाल देता येईल. त्याने वार ठरवून प्रत्येक शाळेत जावे. इतर दिवशी देवघेव पाहणाऱ्या शिक्षकाचे ते काम कार्यभारात मोजावे. वाढीव काम म्हणून ते त्याच्या गळ्यात टाकू नये.

वाचन प्रेरणा दिनाला, 15 ऑक्टोबरला, पुस्तके टेबलावर मांडून फोटो काढले जातात. दुसऱ्या दिवशी ती कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. तपासणीच्या अर्जात एकच रकाना वाढवावा: गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? तो भरायचा म्हटले, की कपाटाची किल्ली आपोआप सापडेल.