हजेरीचा आकडा आणि तासाचा हिशेब

महाविद्यालये उघडली की पहिल्या आठवड्यात एक विधी ठरल्याप्रमाणे पार पडतो. प्राध्यापक वर्गावर येतात, हजेरीपट उघडतात आणि पंचाहत्तर टक्के उपस्थिती नसेल तर परीक्षेस बसू दिले जाणार नाही, अशी समज देतात. उशिरा येणाऱ्यास आत घेतले जाणार नाही, मोबाइल दिसल्यास जप्त होईल, गृहपाठ मुदतीत न दिल्यास अंतर्गत गुण मिळणार नाहीत, हेही त्याच ओघात सांगितले जाते. विद्यार्थी माना डोलावतात. सत्राच्या अखेरीस कमी हजेरीवाल्यांची यादी सूचनाफलकावर लागते, पालकांना बोलावणे जाते, हमीपत्र लिहून घेतले जाते, आणि बहुतेक सर्व मंडळी परीक्षेला बसतात. इतक्या गांभीर्याने उच्चारला जाणारा आणि इतक्या निमूटपणे पुरला जाणारा दुसरा नियम शिक्षणक्षेत्रात क्वचितच सापडेल.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तरी या नियमाचा विचार जरा निराळ्या अंगाने व्हावयास हवा. हा एके काळचा एकच जिल्हा. १९४९ साली त्याचे उत्तर व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. येथील महाविद्यालये प्रथम मुंबई, मग पुणे आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली आली. विद्यापीठे बदलली, परीक्षापद्धती बदलल्या, वार्षिक परीक्षेच्या जागी सत्रपद्धती आली, आता नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर श्रेयांकांची भाषा आली. पण पहिल्या तासाची ती समज मात्र आजोबांनी ऐकली तीच नातवाच्या वाट्याला येत आहे. पूर्वी तिला ‘टर्म भरणे’ म्हणत, एवढाच काय तो फरक.

या पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे साठ तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचेचाळीस. गैरहजेरीची मुभा पंधरा तासांची. आता हा विषय सकाळच्या पहिल्या तासाला असेल आणि गावाहून येणारी एसटी आठवड्यातून एकदा चुकली किंवा उशिरा आली, तर सत्राअखेर नेमके पंधरा तास बुडतात. म्हणजे आठवड्यातील एका चुकलेल्या गाडीने त्या मुलाची सगळी मुभा खाऊन टाकली. पुढे त्याने आजारी पडावयाचे नाही, घरात लग्न काढावयाचे नाही, आणि तासगावकडचा असेल तर द्राक्षाच्या छाटणीलाही हात लावावयाचा नाही. गाडी आठवड्यातून दोनदा चुकली तर हजेरी पन्नास टक्क्यांवर येते आणि सज्जन, कष्टाळू, पहिल्या बाकावर बसणारा मुलगा फलकावरच्या यादीत उनाडांच्या शेजारी जाऊन बसतो. उलट महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर राहणारा, हजेरी देऊन खिडकीबाहेर पाहत बसणारा विद्यार्थी नियमाच्या दृष्टीने आदर्श ठरतो.

खेड्यातील मुलांचे शिक्षण मुक्कामी गाडीवर चालते, ही गोष्ट शहरात बसून नियम करणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. रात्री गावात मुक्कामाला आलेली गाडी पहाटे निघते आणि वाटेवरच्या वाड्यावस्त्यांवरची मुले-मुली गोळा करीत तालुक्याला किंवा जिल्ह्याला पोहोचते. ती रद्द झाली की एक विद्यार्थी नव्हे, एका रस्त्यावरची सगळी गावे गैरहजर होतात. बामणोलीच्या बाजूने, मेढ्याकडून साताऱ्यास येणारे असोत की कवठेमहांकाळ, आटपाडीच्या वाटेवरचे असोत, हजेरीपटावरील त्यांच्या गैरहजेरीच्या खुणा एकाच दिवशी एका ओळीने पडलेल्या दिसतील. २०२१ साली कोरोनाचा बंद संपून राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबरला उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. ज्यांच्या घरी दुचाकी होती ते वर्गात आले. ज्यांच्या घरी नव्हती ते दीड वर्षाच्या बंदीनंतर पुन्हा घरी बसले. मुलींची पंचाईत अधिक झाली, कारण वडापच्या जीपमध्ये मुलीला रोज एकटी धाडावयास कोणते घर सहज तयार होईल? कृष्णेच्या महापुराने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगली पाण्याखाली गेली तेव्हाही हेच झाले. असा प्रसंग आला की परिपत्रक निघते आणि सवलत मिळते. परंतु रोजच्या लहानसहान संकटांना परिपत्रक नसते.

यावरून हजेरीचा नियमच नको, असे कोणी म्हणेल तर ते साफ चुकीचे ठरेल. वर्ग हा खेड्यातील मुलाला शहरातील मुलापेक्षा अधिक लागतो. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, ज्याच्याशी जेवताना इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगणारे कोणी नाही, ज्याला संपूर्ण गावात पदवीधर म्हणून दोन-चारच माणसे ठाऊक आहेत, त्याला प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलेला एक चांगला तास वर्षभर पुरतो. त्याचा वर्ग हिरावून घेतला तर त्याच्या हाती राहते ते गाइड आणि अपेक्षित प्रश्नांची पुस्तिका. हजेरीची सक्ती सैल करा म्हणणारे पुष्कळदा नकळत गाइडवाल्यांची वकिली करीत असतात. प्रश्न सक्ती असावी की नसावी हा नसून ती कोणावर असावी, हा आहे.

कारण या हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडतच नाही. पंचाहत्तर टक्के हे कशाचे? झालेल्या तासांचे. साठांपैकी तीसच तास झाले, तर तेवीस तास बसलेला विद्यार्थी नियमात बसतो आणि न झालेल्या तीस तासांचा जाब कोणालाही द्यावा लागत नाही. सत्राची सुरुवात प्रवेशप्रक्रियेत जाते, मग युवा महोत्सव येतो, क्रीडा स्पर्धा येतात, समित्यांच्या भेटी येतात, परीक्षांची कामे येतात, निवडणुकीची कामे येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने वर्षाला १८० अध्यापन-दिवसांचे माप घालून दिलेले आहे. ते कागदावर भरलेही जाते. परंतु एखाद्या विषयाचे ठरलेले तास किती आणि प्रत्यक्षात झालेले किती, हा आकडा विद्यार्थ्यांच्या हजेरीशेजारी त्याच फलकावर लागला, असे सहसा घडत नाही. शिक्षकाच्या हजेरीची नोंद होते, नाही असे नाही. ती कार्यालयात होते आणि कार्यालयातच राहते.

नियम आणि अपेक्षा यांबाबत या दोन जिल्ह्यांना शिकवणी लावण्याची खरे तर गरज नाही. येथे दोन थोर परंपरा शेजारी-शेजारी वाढल्या. सांगलीत १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन महाविद्यालय काढले. त्या संस्थेचा पाया आजीव सभासदांच्या प्रतिज्ञेवर रचलेला होता. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन शिक्षकांनी आधी स्वतःला घालून घेतले आणि मग विद्यार्थ्यांकडून शिस्तीची अपेक्षा केली. त्याच १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास नेली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तेथे विद्यार्थ्याला शेतात, बांधकामावर राबावे लागे. परंतु तसे करावयास सांगण्यापूर्वी संस्थेने त्याच्या राहण्याची, भाकरीची आणि शिक्षणाची सोय अंगावर घेतलेली होती. एकीकडे शिक्षकाने आधी शब्द दिला, दुसरीकडे संस्थेने आधी हात दिला. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यावरचे बंधन नंतर आले, आणि म्हणूनच ते बंधन वाटले नसावे. कर्मवीरांची शिस्त कडक होती हे अनेकजण अभिमानाने सांगतात. ती कडक शिस्त वसतिगृहाच्या छपराखाली होती, एवढा तपशील मात्र भाषणांतून गळून जातो.

आजच्या समजपत्रात शिक्षकाचा शब्दही नाही आणि संस्थेचा हातही नाही. उरले आहे ते फक्त तिसरे, विद्यार्थ्याने काय करू नये याची यादी.

परदेशांतील अनेक विद्यापीठांत विषयाच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्याच्या हाती दोन-चार पानांचा एक कागद पडतो. कोणत्या आठवड्यात काय शिकविले जाईल, चाचण्या कोणत्या तारखांना होतील, गुणांची विभागणी कशी, गृहपाठास उशीर झाल्यास काय, वर्गाबाहेर शिक्षक कोणत्या वेळी भेटतील, हे सारे त्यात असते. आपल्याकडे अभ्यासक्रम म्हणजे अभ्यासमंडळाने मंजूर केलेली प्रकरणांची यादी. ती विद्यापीठाची असते, वर्गाची नसते. त्यामुळे अंतर्गत चाचणी कधी होणार हे विद्यार्थ्याला कित्येकदा आदल्या दिवशी कळते आणि गुण कशाचे मिळाले हे कधीच कळत नाही. तपासलेला गृहपाठ शेऱ्यासह परत मिळणे ही तर पदवीच्या वर्गात दुर्मिळ गोष्ट झाली आहे. ज्या गृहपाठावर शिक्षकाची लाल शाई उमटणार नाही हे ठाऊक आहे, तो विद्यार्थी मनापासून लिहील, ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागेल. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून काढतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून शेजाऱ्याच्या वहीचीही गरज उरलेली नाही. हातातल्या मोबाइलवर प्रश्न टाकावा आणि तयार निबंध घ्यावा. यावर बंदीचा फलक लावणे सोपे आहे. परंतु वर्षानुवर्षे गाइडातील उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण देणाऱ्या व्यवस्थेने आता एकाएकी ‘स्वतःचे लिहा’ म्हणून दरडावावे, यातील विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही. येथे नियमापेक्षा प्रश्नच बदलावयास हवा. ‘ग्रामीण अर्थव्यवस्थेची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाचे उत्तर यंत्र क्षणात देईल. आपल्या गावातील पाच घरांत जाऊन उसाचे बिल कधी मिळाले आणि ते कशावर खर्च झाले हे विचारून लिहा, असे सांगितले तर मात्र विद्यार्थ्याला उठून पाच उंबरे झिजवावे लागतील. हळदीच्या पेठेपासून कोयनेच्या धरणापर्यंत अभ्यासाचे इतके विषय दाराशी असताना नमुना उत्तरांची लागवड करावी, याचे नवल वाटते.

भाषेचाही एक अलिखित नियम वर्गात वावरत असतो. विज्ञान आणि वाणिज्य शाखांतून शंका इंग्रजीतच विचारावयाची, असे कोणी म्हणत नाही. परंतु मराठीत विचारली तर मागून हसू फुटते. परिणामी शंका विचारलीच जात नाही. शंका कोणत्याही भाषेत, कशाही मोडक्यातोडक्या वाक्यात विचारता येईल, एवढे वाक्य पहिल्याच दिवशी शिक्षकाने उच्चारले, तर वर्गातील कित्येकांची तोंडे उघडतील. या नियमाला ना निधी लागतो ना मंजुरी.

या सगळ्यावर प्राध्यापकवर्गाकडून एक रास्त उत्तर येईल आणि ते ऐकून घेतले पाहिजे. तारखा द्या, गृहपाठ तपासा, वर्गाबाहेर वेळ द्या, हे सांगावयाचे कोणाला? मोठ्या संख्येने जागा रिक्त आहेत आणि त्या जागांवर तासिका तत्त्वावरील तरुण शिक्षक काम करीत आहेत. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. गृहपाठ तपासण्याचे नाही, विद्यार्थ्याची अडचण ऐकण्याचे नाही, सुट्टीच्या महिन्यांचे तर नाहीच. तेही बिल अनेकदा सत्र उलटून गेल्यावर निघते. नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला, संशोधन केलेला माणूस सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी तास घेत मोटारसायकलवर फिरतो. त्याची गाडी चुकली तर त्याचाही तास बुडतो आणि त्या तासाचे पैसेही. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही एकाच एसटी थांब्यावर ताटकळत उभे असताना त्यांपैकी एकाने दुसऱ्याला उशिराबद्दल बाहेर काढावे, अशी ही व्यवस्था आहे. शासनाने जागा भरल्याखेरीज वर्गातील करार दुहेरी होणार नाही, हे स्पष्टच आहे.

तथापि जागा भरेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. येत्या जूनपासून काही गोष्टी एखाद्या महाविद्यालयाला प्राचार्यांच्या सहीनिशी करता येतील. पहिला तास एसटीच्या वेळापत्रकाशी ताडून ठेवावा आणि त्यासाठी आगारप्रमुखांना भेटून विद्यार्थ्यांच्या गावांची यादी द्यावी. गाडी रद्द झाल्याच्या दिवशी त्या मार्गावरील विद्यार्थ्यांची गैरहजेरी निराळ्या शाईने मांडावी. रोज मजुरीवर किंवा कुपवाड, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या मुलांनी पहिल्याच पंधरवड्यात तसे लिहून द्यावे आणि त्यांच्या बुडालेल्या तासांची भरपाई कशी व्हावी हे त्याच वेळी ठरावे. सत्राअखेरच्या हमीपत्रापेक्षा हे प्रामाणिक होईल. चाचण्यांच्या तारखा महिनाभर आधी लागाव्यात, आणि त्या उसाचा हंगाम व द्राक्षाची तोडणी पाहून लागाव्यात. तपासलेली उत्तरपत्रिका पंधरा दिवसांत विद्यार्थ्याच्या हाती पडावी. आणि दर महिन्याच्या अखेरीस सूचनाफलकावर दोन रकाने असावेत: एकात विद्यार्थ्याची हजेरी, दुसऱ्यात त्या विषयाचे ठरलेले तास व झालेले तास.