भरल्या ताटावरून



मागील महिन्यात एका लग्नसमारंभात आमचे एक जुने खातेदार भेटले. धान्याचे घाऊक व्यापारी. मी शाखेत असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे असे. आम्ही उभयता अलास्काच्या किनाऱ्यावर बोटीतून देवमासे आणि अस्वले पाहून आलो, हे त्यांच्या कानावर गेले होते. त्यांच्या घरातही पुढील वर्षी तिकडे जाण्याचा विचार चालला आहे. त्यांनी थेट विचारले, "साहेब, एवढे पैसे भरल्यावर अस्वल दिसतेच ना? आणि नाही दिसले तर पैसे परत मिळतात का?"

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्त होता. रोकड मोजली की माल ताब्यात आला पाहिजे, या शिस्तीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी दुसरे काय विचारावे? पंगतीच्या गडबडीत उत्तर देणे जमले नाही. ते येथे सविस्तर देतो.

प्रथम आमची चूक सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाहून आले होते. त्याला पुन्हा समुद्रात सोडण्यासाठी गावकरी आणि वनखात्याची माणसे दोन दिवस झटली, तरी ते वाचले नाही. ती बातमी पाहताना आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एकदा तरी हा प्राणी जिवंत, मोकळ्या पाण्यात पाहायला हवा." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजता येतील. पुढच्या वर्षी मे महिन्यात सिएटलला कन्येकडे मुक्काम होता, तेव्हा मी मोठ्या हुशारीने त्या मुक्कामाच्या शेवटी दोन दिवस काढून अलास्काचे आरक्षण केले. एक दिवस जाण्याचा, एक दिवस बोटीचा.

अलास्काची राजधानी जुनो. या शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. विमानाने किंवा जहाजानेच जावे लागते. तेथून पुढे गस्टेव्हस नावाचे लहानसे गाव आहे, विमानाने जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर. त्या गावाजवळच ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाचा धक्का आहे आणि तेथून दिवसभराची बोट सुटते. आम्ही जुनोपर्यंत सुखरूप पोचलो. पुढचे विमान लहान होते. ढग खाली उतरले आणि ते उडालेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट वेळेवर सुटून गेली; ती कोणासाठी थांबत नाही. भरलेल्या रकमेचा मोठा भाग बुडाला. परतीच्या विमानात सौ. एवढेच म्हणाल्या, "राहू द्या, नशिबात नव्हते." मला ठाऊक होते की दोष नशिबाचा नव्हता, नियोजनाचा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या ताळेबंदात बुडीत कर्जाची तरतूद तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या सहलीत एका दिवसाचीही तरतूद ठेवली नव्हती.

त्यानंतर सौ.च्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसराही फार काळ तग धरणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. बोटीच्या पायऱ्या चढणे-उतरणे पुढे जमेल की नाही, याची खात्री नव्हती. म्हणून पुढच्याच जूनमध्ये पुन्हा जायचे ठरवले, आणि या खेपेस कागद-पेन घेऊन बसलो.

पहिला प्रश्न महिन्याचा. माहितीपत्रकांतील अस्वलाची चित्रे बहुधा जुलै-ऑगस्टमधील असतात. त्या काळात सामन मासे नद्यांत वर चढतात आणि त्यांना धरण्यासाठी अस्वले जमतात. हा आपला चातुर्मास. शिवाय जे दृश्य पाहण्यासाठी लोक गर्दी करतात, ते आपल्यापैकी अनेकांना रुचणारही नाही. मे-जूनचे चित्र वेगळे असते. कित्येक महिने गुहेत अन्नपाण्यावाचून काढून बाहेर आलेली अस्वले तेव्हा किनाऱ्यावरच्या कुरणात गवत खाताना दिसतात. ओहोटीच्या वेळी ती दगड उलथून त्याखालचे लहानसहान जीव शोधतात. हम्पबॅक जातीचे देवमासेही तोपर्यंत हवाई बेटांकडून सुमारे साडेचार हजार किलोमीटर पोहून परत आलेले असतात. हवाईच्या उबदार पाण्यात ते हिवाळाभर जवळजवळ काहीच खात नाहीत. माता तर त्याच अवस्थेत पिलाला दूध पाजते. म्हणजे जूनमध्ये त्या किनाऱ्यावर भेटतात ते दोन्ही पाहुणे दीर्घ लंघन करून आलेले असतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल. पावसाच्या दृष्टीनेही तेथे एप्रिल ते जून हे महिने त्यातल्या त्यात कोरडे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाचा जोर असतो.

दुसरा प्रश्न जागेचा. अलास्काच्या खुल्या समुद्राला तोंड करून असलेल्या बंदरांवरून निघणाऱ्या बोटींना लाटांचा मार बसतो. ज्येष्ठांनी आतल्या, बेटांनी आडोसा दिलेल्या पाण्याची सहल निवडावी. ग्लेशियर बे तशी आहे. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या नाविकांनी पाहिले तेव्हा ही खाडी जवळजवळ संपूर्ण बर्फाखाली होती. आज बोट आत जाऊन परत येईपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास होतो. बोटीवर उद्यानाचे रेंजर असतात आणि काठावर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीची माहिती देतात. देवमाशांसाठी मात्र आणखी एक अर्धा दिवस वेगळा ठेवावा. गस्टेव्हसहून आइसी स्ट्रेट या सामुद्रधुनीत पॉइंट अ‍ॅडॉल्फसकडे बोटी जातात. हम्पबॅकांचे ते ठरलेले भोजनस्थान आहे.

तिसरा प्रश्न दिवसांचा. माझे सूत्र असे: जितके दिवस बोटीचे, तितकेच दिवस राखीव. आम्ही गस्टेव्हसला चार रात्री राहिलो. ग्लेशियर बेची बोट दोनदा घेतली, देवमाशांची एकदा, आणि एक दिवस मोकळा ठेवला. खर्च वाढतो, हे खरे. परंतु एकाच दिवसावर सर्व रक्कम लावणे म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला सगळा माल उधार देण्यासारखे आहे.

आता पैशांविषयी. आरक्षण करताना रद्द करण्याच्या अटी किमतीच्या आधी वाचाव्यात: किती दिवस आधी कळवले तर किती रक्कम परत, आणि हवामानामुळे बोट किंवा विमान रद्द झाले तर काय. भारतातील प्रवास कंपनीकडून परदेशी सहल घेतल्यास टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. दर बदलत राहतात, म्हणून आपल्या सनदी लेखापालांना विचारून त्या रकमेची सोय आधीच करावी; एरवी ऐन वेळी दुकानाच्या भांडवलाला हात लागतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला अनेकदा महिनोन्‌महिने थांबावे लागते, तेव्हा सहलीचे पैसे व्हिसानंतरच भरावेत. प्रवास विम्यात दुर्गम जागेहून रुग्णालयात हलवण्याच्या खर्चाचा समावेश आहे का, ते पाहावे. गस्टेव्हसमध्ये मोठे रुग्णालय नाही.

भोजनाची चिंता वाटते तितकी नाही. निवासस्थानाला आणि बोटीच्या कार्यालयाला कांदा, लसूण, बटाटा, अंडे, मासे, मांस यांपैकी काहीही चालत नाही, असे आधी लेखी कळवावे. नुसते 'शाकाहारी' लिहून भागत नाही. सोबत खाखरे, भाजलेले पोहे, मेथकूट असावे. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्यांना तर तेथे गंमतच वाटेल: जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बोटीवरून परत येऊन निवांत जेवले तरी नियम मोडत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळावे. खाण्याचा डबा किंवा उष्टे-खरकटे खोलीबाहेर ठेवू नये, फिरताना वाटेत काही टाकू नये. ज्या अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागते, त्याची भीती मोडते. मग ते वस्तीत येऊ लागते आणि बहुधा शेवटी मारले जाते. आपल्या हातून पडलेला खाखऱ्याचा तुकडा एका जिवावर बेतू शकतो.

सामानात तीन गोष्टी विसरू नयेत. एकावर एक घालता येतील असे लोकरीचे कपडे आणि वर पावसाळी अंगरखा, कारण बर्फाकडून येणारा वारा जूनमध्येही बोचतो. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण. त्याहून शक्तिमान दुर्बीण हलत्या बोटीवर हातात स्थिर राहत नाही. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बोट लागू नये म्हणून गोळ्या, निघण्यापूर्वी घेण्यासाठी.

आता त्या प्रश्नाकडे येतो. पहिल्या दिवशी ग्लेशियर बेमध्ये पाऊस होता. बर्फाचे कडे दिसले, समुद्री सिंह दिसले, पाण्यावर उताणे पडलेले समुद्री ऊदमांजर दिसले. अस्वल नाही. पहिल्या सहलीसारखी एकच बोट घेतली असती, तर तेवढ्यावरच परत फिरलो असतो. दुसऱ्या दिवशी आइसी स्ट्रेटमध्ये देवमासे भेटले. प्रथम श्वासाचा फवारा दिसला, मग त्याचा आवाज आला, मग काळी पाठ, आणि बुडी मारताना वर उचललेले शेपूट. त्या शेपटाच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक देवमाशाची निराळी असते आणि तिच्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात. बँकेत नमुना सही पडताळण्यात ज्याची उमर गेली, त्याला याचे कौतुक वाटणारच. सौ. कठडा धरून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा ग्लेशियर बे. दुपारी ओहोटी होती. तेथे भरती-ओहोटीच्या पातळीत सात मीटरपर्यंत फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला रुंद किनारा उघडा पडतो. तेथे एक तपकिरी मादी दगड उलटीत होती आणि मागे मागे तिचे पिल्लू. कप्तानाने बोट लांब थांबवली. दुर्बिणीतून छान दिसत होते. परंतु मला मोबाइलमध्ये छायाचित्र हवे होते, आणि सौ.ला उघड्या डोळ्यांनी दिसावे असेही वाटत होते. इतक्या लांबून, दोनदा पैसे भरून आलो होतो. मी कन्येला म्हणालो, "त्यांना विचार ना, थोडी पुढे घेतील का?"

तिने रेंजरना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की बोट जवळ गेली तर ती पिल्लू घेऊन झाडीत शिरेल. मग पाणी चढेल, आणि पुढची ओहोटी येईपर्यंत हा किनारा तिला मिळणार नाही.

कन्येने उत्तर मराठीत सांगितले. सौ. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, भरल्या ताटावरून कोणाला उठवतात का?"

मी मोबाइल खिशात ठेवला. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेली एक आई जेवत होती आणि मी तिला माझ्या छायाचित्रासाठी उठवायला निघालो होतो. आम्ही दहा-बारा मिनिटे पाहिले. मग कप्तानाने इंजिन सुरू केले आणि हलकेच बोट वळवली. मादी तेथेच होती. आम्ही निघालो, ती नाही.

नंतर समजले की अलास्कात देवमाशापासून किमान ९१ मीटर अंतर ठेवण्याचा कायदाच आहे, आणि ग्लेशियर बेच्या पाण्यात तर सुमारे ४६० मीटरचे बंधन आहे. म्हणून बोट निवडताना 'आम्ही अगदी जवळून दाखवतो' अशी जाहिरात दिसली की ती बाजूला ठेवावी. जो कप्तान गिऱ्हाइकाच्या आग्रहाला 'नाही' म्हणतो, त्याच्याच बोटीवर पैसे भरावेत.

तेव्हा आमच्या खातेदार मित्रांना उत्तर असे: नाही, अस्वल दिसेलच असे नाही, आणि ते दिसले नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. आपण बोटीतली जागा आणि दिवस विकत घेतो. प्राणी कोणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे तो विक्रीला नाही. दिवस थोडे जास्त घ्या, महिना नीट निवडा, अंतर पाळणारी माणसे शोधा. आणि घरात ज्यांची इच्छा आहे त्यांचे गुडघे चालते आहेत तोवर जा. दुकान कोणीतरी आठ दिवस सांभाळेल.

गेल्या आठवड्यात सौ.च्या दुसऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. अस्वलाचे छायाचित्र आमच्याकडे नाही. त्यावाचून काही अडलेले नाही.

जय जिनेंद्र.