मैदान कुणाचे, जोखीम कुणाची?

साथीचा रोग पसरलेला असताना कॉलेजचे खेळ चालू ठेवावेत की बंद करावेत? आपल्याकडे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कॉलेजांबरोबर मैदानांनाही कुलूप लागले आणि हा वाद फारसा झालाच नाही. अमेरिकेत मात्र तो महिनोन्‌महिने गाजला. तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते, कारण खेळाच्या जोरावर शिकू पाहणारी मुलेमुली आपल्याही वस्त्यांत आहेत.

आधी तिथली रीत समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडण्याचा खेळ. कॉलेजच्या सामन्यांना तिथे अफाट गर्दी होते. काही विद्यापीठांची मैदाने तर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांची आहेत. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे कोट्यवधी डॉलर येतात. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांना त्या काळी वर्षाला नव्वद लाख डॉलरच्या आसपास मिळत होते. आणि खेळाडूला? शिष्यवृत्ती, राहणे-जेवण आणि थोडाफार खर्च. पगार घेण्यास नियमानेच बंदी होती. वरच्या श्रेणीतील या खेळाडूंपैकी जवळपास निम्मे कृष्णवर्णीय, तर मुख्य प्रशिक्षकांत कृष्णवर्णीय अगदी मोजके. कोविडने जी कुटुंबे अधिक पोळली, त्यांतही कृष्णवर्णीयांची घरे पुढे होती.

१२ मार्च २०२० रोजी एनसीएए या कॉलेज क्रीडा संस्थेने बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द केली. पुढे फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला. ८ जुलैला आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी त्या सत्रातले सर्व खेळ थांबवले. बाबासाहेब जिथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठ याच आठांतले. ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-१२’ या दोन मोठ्या गटांनीही हंगाम पुढे ढकलला. दक्षिणेतले मोठे गट मात्र खेळायचेच म्हणून ठाम राहिले.

खेळा म्हणणाऱ्यांची बाजू आम्ही हलकी मानत नाही. अनेक नामवंत खेळाडूंनीच ‘आम्हांला खेळायचे आहे’ अशी मोहीम काढली. त्यांचे म्हणणे असे, की कॉलेजात निदान तपासणी आहे, डॉक्टर आहे, पोटभर जेवण आहे. गरीब मुलगा घरी परतला तर त्याला यातले काय मिळणार? शिवाय खेळाडूची उमेदीची वर्षे चार, त्यातले एक गेले की व्यावसायिक संघाचे दारही बंद होऊ शकते. विद्यापीठे सांगत, की फुटबॉलच्या पैशावर पोहणे, कुस्ती असे इतर खेळ चालतात. हेही खोटे नव्हते. आयोवा विद्यापीठाने त्या ऑगस्टमध्ये चार खेळ बंद करण्याचे जाहीर केले.

पण दुसरी बाजूही खेळाडूंनीच मांडली. २ ऑगस्टला ‘पॅक-१२’च्या खेळाडूंनी एकजुटीने मागण्या केल्या : आरोग्याची हमी द्या, वर्णभेदाविरुद्ध पावले उचला आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंना द्या. काही विद्यापीठांनी मुलांकडून जोखीम मान्य असल्याच्या कागदांवर सह्याही घेतल्या होत्या. अखेर ५ ऑगस्टला एनसीएएने बजावले, की जो खेळाडू नकार देईल त्याची शिष्यवृत्ती काढायची नाही आणि हक्क सोडल्याचे कागद लिहून घ्यायचे नाहीत. वाचकहो, हे बजवावे लागले, यातच सारे आले!

डॉक्टरांना मोठी धास्ती होती ती हृदयाच्या स्नायूंना येणाऱ्या सुजेची. पुढे ‘बिग टेन’च्या बाधित झालेल्या १,५९७ खेळाडूंची तपासणी झाली, त्यांत ३७ जणांना, म्हणजे शेकडा २.३ जणांना, अशी सूज आढळली. प्रमाण थोडे खरे; पण त्या ३७ घरांना ते थोडे वाटेल काय?

पुढे काय झाले? सप्टेंबरमध्ये दोन्ही गटांनी निर्णय फिरवले. ‘बिग टेन’ने रोज तपासणी सुरू केली. त्याच उन्हाळ्यात तिथला सामान्य कामगार तपासणीच्या निकालासाठी कित्येक दिवस ताटकळला होता. सामने रद्द होत राहिले. किमान सहा सामने खेळलेल्या संघालाच गटाच्या अंतिम सामन्यात प्रवेश हा ‘बिग टेन’चा नियम होता, ओहायो स्टेटचे पाचच झाले, तेव्हा नियमच काढून टाकला. ११ जानेवारी २०२१ रोजी अलाबामाने त्याच ओहायो स्टेटला ५२-२४ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

थांबणे अशक्य होते काय? मुळीच नाही. खालच्या श्रेणीतील बहुतेक संघांनी हंगाम वसंत ऋतूत नेला आणि त्यांचा अंतिम सामना मे २०२१ मध्ये झाला. तोवर लसही आली होती. जिथे पैसा कमी, तिथे धीर निघाला. जिथे पैसा उदंड, तिथे घाई झाली.

म्हणून आमचे मत असे, की लस नसताना, वर्ग बंद ठेवून मैदान उघडणे चुकीचे होते. जी जागा पुस्तक घेऊन बसायला सुरक्षित नाही, ती एकमेकांच्या अंगावर झेपावायला सुरक्षित कशी? आणि खेळायचेच, तर खेळाडूला नकाराचा खरा हक्क हवा, पुढील आजारपणाचा खर्च संस्थेने उचलायला हवा आणि निर्णयाच्या बैठकीत त्याला खुर्ची हवी.

त्या हंगामाने एक गोष्ट उघडी केली : ज्यांच्या घामाशिवाय उत्सव होत नाही, त्यांनाच वाटा नव्हता. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. एकजुटीने बोलणाऱ्यांचे आज ना उद्या ऐकावे लागते, ते असे.

आपल्या मुलामुलींना आम्ही मैदानापासून दूर राहा असे कधीच म्हणणार नाही. खूप खेळा. पण मुलाला संघात धाडताना आईवडिलांनी चार प्रश्न जरूर विचारावेत : दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करील? विमा आहे काय? आजारपणात खेळला नाही तर त्याची जागा, सवलत राहील काय? आणि सही करायला दिलेल्या कागदावर नेमके काय लिहिले आहे? कागद वाचल्याशिवाय सही नाही, एवढा नियम घरोघरी पाळला तरी पुष्कळ झाले.